मागच्या भिंतीचा गिलावा

"हे घे. तुझ्या मिस्त्रीचं काम," असं म्हणत ताईने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर आपटली.

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइके होती. त्यांतला एक नळाच्या तोट्या फिरवून बघत होता, तो फिरवायचा थांबला. मी कागद उलगडला. आत गिलाव्याचा पोपडा होता, पंज्याएवढा आणि अंगठ्याइतका जाड. पुढची बाजू करडी, गुळगुळीत, नखाने ओरखडाही उठणार नाही अशी. मागची बाजू मात्र पांढरी पडली होती. लोणा चढलेला, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, आणि त्याला चिकटून आलेला भिंतीचा भुगा.

"काल संध्याकाळी धप्पकन आवाज झाला. मला वाटलं मांजरानं काहीतरी पाडलं. बघते तर समोरच्या जोत्याचं अर्धं कातडं खाली! आत कपाटामागं भिंत अशी ओली, की हात लावला तर बोटं पांढरी. अकरा वर्षांत ही अवस्था. चुना लावला रे त्यानं आपल्याला."

चुना लावला असता तर हा दिवस आला नसता, हे माझ्या मनात आले. ताईसमोर मनात आलेले सगळे बोलायचे धाडस मला सहासष्टाव्या वर्षीही झालेले नाही. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नर्स होती, आणि तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा आवाज खाली घेऊन बोलत.

"रविवारी वाचनालयाची सभा आहे," ती म्हणाली. "तिथलं जोतं तुझ्या मिस्त्रीला करायचंय म्हणे. अर्ज दिलाय. मी हा तुकडाच टेबलावर ठेवते की नाही बघ."

"ताई, एकदम असं..."

"एकदम काय? तू सगळं लिहून दिलं होतंस त्याला. माप, पावडर, सगळं. त्यानं माल खाल्ला. तुझ्या चांगुलपणाचा फायदा घेतात लोक." तिने पोपडा पुन्हा कागदात गुंडाळला, अगदी बँडेज बांधावे तसा व्यवस्थित, आणि पिशवीत ठेवून ती गेली.

तोट्या बघणारा म्हणाला, "पितळी घेऊ की स्टीलची?" मी त्याला काय सांगितले ते आता आठवत नाही.

बांधकामाच्या सामानाच्या या दुकानात मी चौतीस वर्षे काउंटरवर उभा आहे. थापी कधी हातात धरलेली नाही. पण गोण्यांबरोबर जी माहितीपत्रके येतात, ती मी वाचतो. बाकीचे त्यांत खिळे बांधून देतात. त्यामुळे कुणी विचारले, की पायाला कोणता माल वापरू, गच्चीला कोणता, तर मालक आतूनच ओरडतात, "पोथीला विचारा!" पोथी म्हणजे मी. सुरुवातीला त्या नावाची लाज वाटायची. मग हळूहळू थोडा अभिमान वाटू लागला, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

पोपडा बघताक्षणी मला सगळे समजले होते. गिलावा कुठेही फुटलेला नव्हता. फुटली होती ती त्याच्यामागची भिंत. ताईचे घर जुने, दगड आणि विटा चुन्यात बसवलेल्या. जमिनीतली ओल अशा भिंतीत थोडी वर चढते आणि बाहेरून आपली आपण वाळून जाते. तिच्यावर घट्ट सिमेंट थापले, वर पाणी रोखणारी पावडर घातली, की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती आतल्या आत वर सरकते आणि भिंत पोखरते. अशा जोत्याला भिंतीपेक्षा मऊ गिलावा हवा. हे मी चार वर्षांपूर्वी एका जाड पत्रकात वाचले. ते वाचल्यापासून ताईकडे जाताना मी समोरच्या जोत्याकडे बघत नसे. फाटकापासून दारापर्यंत सरळ चपलांकडे बघत जायचो.

आणि मिस्त्रींनी मला हे अकरा वर्षांपूर्वीच सांगितले होते. पत्रक न वाचता.

त्या दिवशी ते जोत्यासमोर उकिडवे बसून भिंतीला पालथा हात लावून बघत होते, ताप बघावा तसा. म्हणाले, "भाऊ, ही चुन्याची भिंत आहे. हिला घाम येतो. तोंड दाबू नका हिचं." मी खिशातून पत्रक काढले आणि त्यांना तीन परिच्छेद वाचून दाखवले. मोठ्याने. शेजारचे दोघेतिघे ऐकत होते, म्हणून जरा जास्तच मोठ्याने. एकास तीन सिमेंट-वाळू, गोणीमागे एक पुडी पावडर. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि फक्त विचारले, "आई कुठल्या खोलीत झोपतात?"

"मागच्या," मी म्हणालो. मला वाटले, ठोकाठोकीचा त्रास होऊ नये म्हणून विचारत असतील.

पुढे सहा वर्षांनी ताईच्या पुढच्या भिंतीवर पहिला डाग उमटला, तेव्हा ताईने गल्लीभर सांगितले, की माझ्या भावाने लिहून दिले होते तसे केले असते तर ही वेळ आली नसती. त्यानंतर गल्लीतल्या तीन घरांची कामे निघाली. एकानेही मिस्त्रींना बोलावले नाही. मला ते दिसत होते. मी पोथी होतो, आंधळा नव्हतो.

शुक्रवारी मिस्त्री स्वतःच दुकानात आले.

ते सत्तरीला टेकले असतील. बारीक अंगाचे, सदऱ्याच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत. आले की आधी नमस्कार नाही, काही नाही, थेट मागच्या अंगणात वाळूच्या ढिगाकडे. मूठभर वाळू घट्ट आवळायची, मूठ उघडायची, वाळू टाकून तळहात बघायचा. तळहातावर माती राहिली की तोंड वाकडे.

"ही कसली वाळू, भाऊ? पाण्यात टाकून उकळली तर लोक चहा समजून पितील."

"नवीन गाडी उद्या येतेय."

"उद्या येतो मग. नाहीतर रविवारनंतर येतो. वाचनालयाचं ठरलं तर." तळहात झटकताना त्यांचा उजवा हात थरथरला. त्यांनी तो थंडी वाजल्यासारखा काखेत दाबून धरला. मी बघितले हे त्यांनी बघितले.

"तिथं मागच्या बाजूला तीन ठिगळं लावून ठेवलीयत," ते म्हणाले. "एक नुसत्या चुन्याचं, एक चुन्यात जरासं सिमेंट घालून, एक तुमच्या त्या तयार गोणीचं. तीन आठवडे झाले. रोज जाऊन खिळ्यानं ओरखडून बघतो. वाचनालयातल्या बाईंना वाटतं, म्हातारा भिंतीवर नाव कोरतोय."

"काय दिसतं?"

"गोणीचं टणटण वाजतं. छान वाजतं. मला तेच आवडत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्ही काय म्हणाल? काय वापरावं?"

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही. सापडला असता तर बरे वाटले असते.

"नुसता चुना," मी म्हणालो. "भिंतीपेक्षा मऊ असावा गिलावा."

"पुस्तकात आलं का तसं?"

"आलं. चार वर्षांपूर्वी."

"बरं झालं," ते म्हणाले. खरोखरच बरे वाटल्यासारखे म्हणाले. त्यानंतर ताईच्या तुकड्याचे सांगण्यासाठी मी तीनदा तोंड उघडले आणि तीनदा वाळूच्या गाडीबद्दलच बोललो. शेवटी त्यांनीच विचारले, "ताईंचं जोतं कसं आहे?"

"पुढचं पडतंय."

ते मान हलवत राहिले. "आणि मागचं?"

"मागचं पाहिलं नाही."

"पाहा की कधीतरी," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

शनिवारी मी अर्धा दिवस रजा मागितली. मालक म्हणाले, "पोथी, तब्येत बरी आहे ना? बारा वर्षांत रजा नाही घेतलीस." मी दाताचे कारण सांगितले. खोटे बोलताना नेमका दात दुखायला लागला.

ताई बाजारात गेली असेल अशा बेताने गेलो, पण ती घरातच होती. "दुकान बुडालं का?" तिने विचारले. मी म्हणालो, मागची पाण्याची टाकी बघायला आलोय, गळतेय म्हणाली होतीस. ती म्हणाली, गेल्या वर्षी म्हणाले होते, आणि आत गेली.

घराच्या मागे टाकी, मोडक्या खुर्च्या, कपडे वाळत घालायची तार. तिथे कुणी मुद्दाम जात नाही. मी खुर्च्या बाजूला ओढल्या आणि गुडघ्यांवर बसलो.

जोते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धड होते. एक तडा नाही, क्षाराचा एक पांढरा ठिपका नाही. रंग पुढच्यासारखा करडा नव्हता. फिकट होता, जुन्या कागदासारखा. किल्लीने ओरखडले तर किंचित पूड निघाली. बोटांत चोळली. चुना होता.

मी तिथेच बसून राहिलो. कामाचा शेवटचा दिवस मला आठवला. ताईची तेव्हा नोकरी चालू होती, ती वॉर्डात. मी सकाळी जाता जाता डोकावलो, तर मिस्त्रींच्या सायकलला मागे झाकणाचा मोठा डबा बांधलेला. मी गमतीने म्हणालो, "आज भरपूर जेवण आणलंत?" ते म्हणाले, "दोघांचं आहे." त्या दिवशी दुकानात माल उतरायचा होता. मी संध्याकाळी आलो तेव्हा मागच्या जोत्यावर ओली तरटे टांगलेली होती. आठ दिवस मिस्त्री रोज येऊन ती भिजवून जात. पुढच्या बाजूला दोनच दिवस पाणी मारले आणि मागे आठ दिवस कशाला, हे मी विचारलेही नव्हते. आमच्या दुकानात त्या काळी चुना ठेवतच नसत. तो त्यांनी घरी भिजत घातलेला असणार, स्वतःच्या कामासाठी, आणि त्या डब्यातून आणलेला.

"काय करतोयस रे जमिनीवर?" ताई मागच्या दारात उभी होती.

"ताई, आईच्या खोलीत ओल आहे का?"

"नाही. तीच एक खोली ठणठणीत. ये, बघ."

आईची खोली तशीच होती. रिकामी खाट, उशाशी खुर्ची. ताई तिथे झोपत नाही. पण गाद्या, कागदपत्रे, माझी तिच्याकडे राहिलेली पुस्तके, जे जे ओलीपासून वाचवायचे ते सगळे तिने तिथे आणून ठेवले होते. मी भिंतीला हात लावला. कोरडी, उन्हात ठेवलेल्या पुस्तकाच्या पाठीसारखी.

"सगळं घर भिजलं, पण ही खोली नाही," ताई म्हणाली. "शेवटची तीन वर्षं इथं होती आई. खोकत होती, पण ओलीचा त्रास तिला एक दिवस झाला नाही. मला कधी कधी वाटतं, अजूनही तीच सांभाळतेय." असे बोलल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आल्यासारखे तिने लगेच एक गादी उगाच सरळ केली.

मी सांगायला आलो होतो. सांगितले असते तर तिच्याकडून दोन गोष्टी काढून घ्याव्या लागल्या असत्या. एक तिचा भाऊ, आणि दुसरी ही, आई अजून सांभाळत असल्याची समजूत. मी चहा प्यायलो आणि निघालो. कोपऱ्यावरून परत फिरलो, फाटकापर्यंत आलो, पुन्हा गेलो. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा ताई खिडकीतून म्हणाली, "काही विसरलास का?"

"छत्री," मी म्हणालो.

"हातात आहे."

रविवारी सकाळी दहाला सभा होती. वाचनालयाच्या खालच्या फळ्या ओलीमुळे रिकाम्या केलेल्या होत्या, आणि पुस्तके टेबलांवर ढिगांनी रचली होती. त्यांतली बरीचशी मी वाचलेली. नऊ माणसे आली होती. मिस्त्री दाराजवळच्या बाकावर टोकाशी बसले होते. धुतलेला सदरा, बाह्या आज मनगटापर्यंत. उजवा हात डाव्या हाताखाली.

अध्यक्षांनी विषय काढताच ताईने पिशवीतून पुडके काढले. "आधी हे बघा सगळ्यांनी," ती म्हणाली. पोपडा टेबलावर आला. "माझ्या घराचं जोतं. काम कुणाचं ते सांगायला नको. माझ्या भावानं सगळं लिहून दिलेलं असताना..."

"ताई, थांब."

मी उभा राहिलो होतो. सभेत मी कधी बोलत नाही. हजेरीची सही करतानाही कुणी बघत नाही ना, अशी धाकधूक असते.

"ते मी सांगितलं होतं."

"तेच तर म्हणतेय मी. तू सांगितलंस आणि यांनी..."

"यांनी तसंच केलं. नको म्हणत होते, तरी केलं."

"माल खाल्ला ना पण!"

"नाही खाल्ला. पुरेपूर घातला. म्हणून तर पडलं."

कुणीतरी हसले. मी टेबलावरचा पोपडा उचलून उलटा केला, पांढरी बाजू वर, आणि त्या पांढऱ्या भुग्याकडे बघत बाकीचे बोललो. भिंत चुन्याची होती. तिला चुनाच हवा होता. मिस्त्रींनी सांगितले होते, मी पत्रक वाचून त्यांचे तोंड बंद केले. आणि मागची भिंत त्यांनी मला न विचारता चुन्याने केली. ती आजही धड आहे. बोलून झाल्यावरही मी उभाच होतो, बसायचे लक्षात आले नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?" ताईने विचारले.

"माझं चुकलं हे चार वर्षांपासून. मागच्या भिंतीचं कालपासून."

"चार वर्षं," ताई म्हणाली. वॉर्डात तापाचा आकडा वाचावा तशी. मग ती मिस्त्रींकडे वळली. "आईची खोली होती म्हणून?"

मिस्त्री फरशीकडे बघत होते. "तुम्हीच म्हणाला होतात, त्यांना खोकला आहे. भाऊंचा शब्द मोडायचा नव्हता. म्हणून तेवढीच केली."

अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी घसा साफ केला. "मिस्त्री, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगायचं तर, एका कंत्राटदाराला आम्ही बुधवारीच होकार कळवलाय. त्यांची माणसं उद्या येतायत. आज नुसती नोंद करायची होती." मग ताईकडे न बघता म्हणाले, "ताईंच्या घराचं सगळ्यांनी ऐकलेलं होतं ना."

ताईने पोपड्यावर कागद ओढला.

"बरं," मिस्त्री म्हणाले. ते उठले. दारापर्यंत जाऊन थांबले. "त्यांना सांगा, आधी सांधे बोटभर खरवडून घ्या म्हणावं. आणि मागची ती तीन ठिगळं काढू नका. वर्षभर राहू द्यात. कुणाला तरी बघायला होतील."

मी त्यांच्यामागे बाहेर गेलो. ते सायकलचे कुलूप काढत होते, किल्ली भोकात जात नव्हती. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या, भाऊ. जमतंय." जमेपर्यंत मी उभा राहिलो.

ताई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी दुकानात रोज त्याच त्या गोण्या मोजत होतो आणि आकडा चुकत होता. गिऱ्हाइकाने काही विचारले, की पहिल्यांदाच म्हणू लागलो, "गवंड्याला विचारून या." मालक म्हणाले, "पोथी, असं केलंस तर आपण विकायचं काय?"

गुरुवारी दुकानात फोन आला.

"शनिवारी मिस्त्री येतायत. मी काल त्यांच्या घरी जाऊन आले. तूही ये. जुने कपडे घालून ये. आणि वाचायला काही आणू नकोस."

शनिवारी मी पोचलो तेव्हा समोरच्या जोत्यावरचा उरलासुरला गिलावा खाली पडलेला होता. इतक्या वर्षांनी भिंत उघडी दिसत होती. विटांचे कोपरे झिजून गोल झालेले, सांध्यांतून पांढरे ओघळ. मिस्त्री म्हणाले, हिला आधी महिनाभर अशीच सुकू द्यायची, मग हात लावायचा. पण एका कोपऱ्यात आज ठिगळ लावून बघू, ओल कितपत आहे ते कळेल. तोच झाकणाचा डबा त्यांनी आणला होता. चुना आत लोण्यासारखा बसला होता. वाळू त्यांनी मुठीत आवळली, तळहात बघितला, काही बोलले नाहीत. म्हणजे चांगली असावी. मी पाण्याची बादली धरून उभा राहिलो. ताई पायरीवर बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

घमेल्यात माल कालवून झाला. मिस्त्री ते उचलून जोत्याच्या डाव्या टोकाशी गेले, तिथून पुन्हा मागे आले आणि थांबले.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही कुठल्या खोलीत झोपता?"

बसल्या जागेवरून ताईने हात उचलून उजवीकडच्या खिडकीकडे बोट दाखवले.

मिस्त्रींनी घमेले खिडकीखाली नेऊन ठेवले. मी भिंतीवर पाणी मारले. त्यांनी थापी उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने उजव्याचे मनगट घट्ट धरले, आणि पहिला माल भिंतीवर फेकला. तो बसला.